पैनगंगेचा उतार

अकोल्याहून वाशीमकडे निघालें म्हणजे पातूरपर्यंत काळी सपाट जमीन साथ देते, आणि पातूरच्या पुढें घाट लागतो. जुन्या वऱ्हाडांत या घाटाखालच्या मुलुखास पाईनघाट व वरच्यास बालाघाट म्हणत. घाट चढून वर आलें कीं वारा मोकळा होतो, सागाचीं विरळ झाडें दिसूं लागतात, आणि मेडशी व मालेगांव मागें टाकीत गाडी वाशिमास पोंचते. प्रवासवर्णनें लिहिणारे लोक या वाटेस फारसे फिरकत नाहींत, व त्यांस दोष तरी काय द्यावा? येथें सागरकिनारा नाहीं, नांवाजलेला डोंगरी किल्ला नाहीं, नांवाजलेलीं कोरीव लेणीं पाहावयाचीं तर अजिंठ्याची वाट धरावी लागते. तुरीचीं व सोयाबिनाचीं शेतें आणि मधून मधून बंजाऱ्यांचे तांडे, एवढेंच गाडीच्या खिडकींतून दिसतें.

जिल्हा म्हणून वाशीमचा जन्म दोनदां झालेला आहे. इंग्रजी अमलांत ‘बासीम’ नांवाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद तालुका यवतमाळास जोडण्यांत आला. पुढें १ जुलै १९९८ रोजीं वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांचा जिल्हा पुनः निर्माण झाला. गांव मात्र या साऱ्या उलाढालींहून कितीतरी पुरातन. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी जें वत्सगुल्म, तें हेंच. १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथें सांपडला. आणि राजशेखरानें तर काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरींत लावून दिला आहे. संस्कृत शिकलेल्या माणसास या गांवीं उतरतांना जरा निराळें वाटावें, याला एवढें कारण पुरे आहे.

परंतु आज आम्हांस त्या राजधानीविषयीं किंवा त्या लग्नाविषयीं लिहावयाचें नाहीं. गेल्या कार्तिकांत आम्ही आठ दिवस या जिल्ह्यांत हिंडलों. मुलूख आमचाच; येथेंच जन्मलों व येथेंच मुलांस शिकवीत आयुष्य गेलें. परंतु सलग असा तो कधीं पाहिला नव्हता. आणि सलग पाहतांना एकच प्रश्न ठिकठिकाणीं पुढें येऊन उभा राहूं लागला: परक्या गांवचा, भुकेला, आणि कदाचित् रोगी असा माणूस वेशीपाशीं आला, म्हणजे गांवानें आधीं काय करावें? त्याला पाणी विचारावें, कीं त्याची जीभ व डोळे पाहावे?

वाशिमांत बालाजीचें जें मोठें देवालय आहे तें अठराव्या शतकांत नागपूरकर भोंसल्यांकडील भवानी काळू यांनीं बांधविलें. त्याचें दर्शन घेऊन आम्ही पद्मतीर्थावर गेलों. या तळ्याविषयीं जुनी दंतकथा अशी कीं, वासुकि नांवाचा एक राजा महारोगानें पीडित होता. गांवाबाहेरच्या एका डबक्यांत त्यानें स्नान केलें आणि त्याचें अंग शुद्ध झालें. तेव्हां त्यानें तें डबकें खणून मोठें तळें बांधलें. घाटाच्या पायरीवर बसून आम्ही ही कथा मनांत घोळवीत होतों, तों ध्यानांत आलें कीं हीच कथा या जिल्ह्यांत आणखी दोन ठिकाणीं, नांवें तेवढीं बदलून, सांगितली जाते.

एक ठिकाण शिरपूर. हें मालेगांव तालुक्यांतलें जैनांचें मोठें क्षेत्र. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ति जमिनीस टेकलेली नाहीं अशी ख्याति आहे. दिगंबर व श्वेतांबर या दोन पंथांच्या वादांत हें मंदिर कित्येक दशकें कुलुपांत होतें. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर दरवाजे उघडले. तेथील कथा अशी कीं, एलिचपूरचा श्रीपाल राजा कुष्ठानें ग्रासला होता; रानांत तहान लागली म्हणून एका लहानशा तळ्यावर त्यानें हातपाय धुतले, आणि जेवढें अंग भिजलें तेवढें बरें झालें. मग स्वप्न, मग मूर्तीचा शोध, आणि मूर्ति गाडींतून नेत असतां मागें वळून न पाहण्याची आज्ञा. राजानें मागें वळून पाहिलें आणि मूर्ति होती तेथेंच अधांतरीं राहिली. दुसरें ठिकाण कारंजा. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें तेथें जाऊन आलेलीं असतील. त्या गांवास ज्याचें नांव मिळालें तो करंज ऋषि दुर्धर व्याधीनें गांजलेला होता. त्यानें अंबेचा धांवा केला, देवीनें त्याच्यासाठीं तळें निर्माण केलें, आणि त्यांत स्नान करून तो निर्मळ झाला.

तीन गांवें, तिन्हींच्या मुळाशीं एक आजारी माणूस, आणि तिन्ही वेळां औषध एकच: पाणी. या कथा खऱ्या मानाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गांवानें स्वतःच्या जन्माची जी हकीकत पिढ्यान् पिढ्या सांगावी, तींत त्याच्या मनाचें कांहींतरी उतरलेलें असतेंच. आमच्या या गांवांनीं आपला मूळपुरुष म्हणून वीर सांगितला नाहीं, व्यापारी सांगितला नाहीं. अंगावर व्रण असलेला वाटसरू सांगितला. तो वाटसरू दोन ठिकाणीं राजा होता आणि एके ठिकाणीं ऋषि, हेंहि सोडून चालणार नाहीं. साधा कुळंबी किंवा चांभार त्या अवस्थेंत तळ्यावर आला असता तर त्याला पायरी उतरूं दिली असती काय, हें दंतकथा सांगत नाहीं.

तें सांगण्याचें काम कायद्यानें केलें. १८९८ सालीं हिंदुस्थान सरकारनें कुष्ठरोग्यांविषयीं एक कायदा केला. त्यांत ‘निर्धन कुष्ठी’ अशी एक स्वतंत्र वर्गवारी होती. ज्याच्या अंगावर व्रण फुटले आहेत आणि जो उघड्यावर भीक मागतो किंवा ज्याला निर्वाहाचें दिसण्यासारखें साधन नाहीं, तो निर्धन कुष्ठी. अशा माणसास पोलिसानें वॉरंटाशिवाय धरावें, नेमलेल्या वैद्याकडून तपासून घ्यावें, आणि वैद्याचा दाखला झाला कीं मॅजिस्ट्रेटानें त्यास आश्रमांत पाठवावें. ज्याच्या घरीं दोन वेळचें अन्न होतें त्या कुष्ठ्यास अशा रीतीनें धरण्याची या कायद्यांत तरतूद नव्हती. म्हणजे तपासणी रोगाची होती खरी, पण तिचा रोख दारिद्र्यावर होता. याच कायद्यांत, जेथें स्थानिक नियमानें मनाई असेल अशा सार्वजनिक विहिरींत व तळ्यांत कुष्ठ्यानें स्नान करूं नये, असेंहि कलम होतें. पद्मतीर्थाच्या पायरीवर बसून हें कलम आठवलें म्हणजे वासुकि राजाची गोष्ट निराळ्याच अर्थानें ऐकूं येते. रोगाचा जंतु नॉर्वेच्या हान्सेननें १८७३ सालींच पाहिला होता. खरें गुणकारी औषध मिळावयास मात्र विसावें शतक बरेंच उलटावें लागलें. तोंवर विदर्भांत शिवाजीराव पटवर्धनांनीं अमरावतीस तपोवन उभें केलें आणि बाबा आमट्यांनीं १९४९ मध्यें वरोऱ्याजवळ आनंदवनाचा आरंभ केला. कायदा पुढें निरनिराळ्या राज्यांत निष्प्रभ होत गेला, आणि केंद्रानें तो २०१६ सालीं रद्द केला.

वाशीमहून हिंगोलीच्या रस्त्यानें दक्षिणेस गेलें म्हणजे पैनगंगा लागते, आणि जवळच कन्हेरगांव नाका. नांवांतच नाका आहे. आज येथें हिंगोली जिल्ह्याची हद्द लागते, एवढेंच. चहाचीं दुकानें, मोटारींची वर्दळ, पुलाखालीं उन्हाळ्यांत आटणारी नदी. परंतु पूर्वीं ही दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. आणि यांतली गंमत अशी कीं, कागदोपत्रीं अलीकडचा मुलूखहि निजामाचाच होता! १८५३ च्या तहानें निजामानें फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. मालकी मात्र त्याचीच राहिली. १९०२ सालीं सालीना पंचवीस लाख रुपयांवर तें कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेलें. तेव्हां १८९९ सालीं नदी ओलांडून इकडे आलेला हिंगोलीकडचा शेतकरी कायद्याच्या दृष्टीनें आपल्याच धन्याच्या एका मुलुखांतून दुसऱ्यांत येत होता. आणि तरीहि इकडच्या दप्तरांत तो परका.

त्या वर्षीं पाऊस गेला. मारवाड-गुजराथेंत ज्याला छपन्या म्हणतात तोच हा दुष्काळ. संवत् १९५६ चा. वऱ्हाड कापसाचा संपन्न प्रांत, येथें दुष्काळ पडत नाहीं अशी लोकांची समजूत होती, ती या वर्षीं पार खोटी ठरली. बासीम जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारींत ३,९८,१८१ होती; १९०१ मध्यें ती ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजीं पंचेचाळीस हजार माणसें कमी! कोणी मेलीं, कोणी देशोधडीस लागलीं, आणि जीं मुलें जन्मावयाचीं तीं जन्मलींच नाहींत.

सरकारी मदतीची व्यवस्था कशी होती, हें आजच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखें आहे. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर प्रांतोप्रांतीं दुष्काळाचे नियम तयार झाले. त्यांचें मूळ सूत्र असें कीं मदत खऱ्या गरजूसच मिळावी, आणि गरज ओळखण्यासाठीं कसोटी असावी. धडधाकट माणसास कसोटी कामाची: खडी फोडा, माती वाहा, तळें खणा, आणि जगण्यापुरती मजुरी घ्या. आंधळा, पांगळा, म्हातारा, यांचीं नांवें गांवच्या पाटलानें यादींत घालावीं व त्यांस घरबसल्या धान्य मिळावें. परंतु जो बाहेरगांवचा, ज्याला कोणताच पाटील ओळखत नाहीं, त्याच्यासाठीं गरीबखाना. गरीबखान्याच्या दारांत वैद्यकीय नोकर बसे. आलेल्या माणसास पाहून त्यानें ठरवावयाचें: हा सशक्त, याला कामावर पाठवा, हा अशक्त, याला येथें ठेवून पेज द्या, हा रोगी, याला निराळ्या छपराखालीं घाला. आणि परमुलुखांतला असेल तर अंगांत बळ येतांच त्याला त्याच्या मुलुखास परत पोंचवा. बरगड्या मोजून माणसाची पात्रता ठरविण्याची ही रीत. आम्ही तिला सर्वस्वीं वाईट म्हणणार नाहीं. ज्या वर्षीं एका छपराखालीं शेंकडों अर्धमेलीं माणसें निजत, त्या वर्षीं पटकीचा एक रोगी निराळा न काढला तर सकाळपर्यंत काय होई हें उघड आहे.

पण पटकीनेंच या तपासणीची मर्यादा दाखवून दिली. १९०० च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर पटकीनें कहर केला. दारांत जीभ पाहून पटकी ओळखतां येत नाहीं. ज्याच्या पोटांत ती शिरली आहे तो त्या क्षणीं धडधाकट दिसतो. कॉख यानें १८८४ सालीं कलकत्त्याच्या तळ्यांतील पाण्यांत तिचा जंतु दाखविला होता. विहिरींत परमँगनेटाची लाल पूड टाकणें, पाण्यावर पहारा ठेवणें, पिण्याचें व धुण्याचें पाणी वेगळें राखणें, यानें जेवढीं माणसें वांचलीं तेवढीं दारांतल्या तपासणीनें वांचलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं. वाटसरूची परीक्षा घेणें सोपें असतें. गांवच्या पाण्याची परीक्षा घेणें कठीण, कारण तींत दोष निघाला तर तो आपला निघतो.

असें केवळ आपल्याकडेंच घडे असें नाहीं. त्याच काळांत अमेरिकेनें आपल्या दारावर हीच माणसें निवडण्याची रीत बसविली होती. १८८२ च्या त्यांच्या कायद्यानें, जो स्वतःचें पोट स्वतः भरूं शकणार नाहीं व सार्वजनिक खर्चावर पडेल अशास उतरूं देऊं नये, असें ठरलें. १८९१ मध्यें सांसर्गिक रोग्यांसहि मनाई झाली. न्यूयॉर्कच्या बंदरांतील एलिस बेटावर १८९२ पासून १९५४ पर्यंत हें काम चाले. जिना चढून येणाऱ्या माणसांकडे वैद्य कांहीं क्षण पाहात, आणि संशय आला तर त्याच्या कोटावर खडूनें अक्षर काढीत: हृदयासाठीं ‘एच्’, लंगडेपणासाठीं ‘एल्’, डोळ्यांसाठीं ‘ई’. रोग आणि परावलंबन यांचें त्यांनीं एकच गांठोडें बांधलें होतें. कोणी चतुर माणूस अंगावरचा कोट उलटा घालून पुढें सरके, असेंहि सांगतात. आमच्या शाळेंतल्या मुलांची आठवण व्हावी अशी ही युक्ति!

पैनगंगेवरून माणसें पुनः एकदां लोटलीं तीं १९४७-४८ सालीं, रझाकारांच्या धामधुमींत. सप्टेंबर १९४८ मध्यें पोलीस कारवाई होऊन निजामी राज्य संपेपर्यंत मराठवाड्यांतलीं कितीतरी कुटुंबें वऱ्हाडांत आश्रयास आलीं. ही गोष्ट आमच्या जन्मापूर्वींची. परंतु आमच्या मातुःश्री ती अनेकदां सांगत. त्यांच्या माहेरीं, चाळीस माणसांच्या वाड्यांत, नदीपलीकडच्या नात्यांतलीं व बिननात्यांतलीं अशीं चार बिऱ्हाडें एका रात्रींत आलीं. दोन मुलांच्या अंगांत ताप होता. आमच्या आजीनें सर्वांस मागच्या परसांत उभें केलें. चुलवणावर हंडे चढविले. निंबाचा पाला घालून कढत पाण्यानें प्रत्येकास न्हाऊं घातलें. अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यांत टाकले, आणि घरांतलीं धुतलेलीं लुगडीं व पंचे नेसावयास दिले. तापकरी मुलें आईसह गोठ्याशेजारच्या खोलींत ठेवलीं. मग पंगत. हेंहि एक प्रकारचें परीक्षणच होतें, आणि तें कडक होतें. आजीच्या डोळ्यांतून ऊ किंवा खरूज सुटत नसे. परंतु त्या परीक्षणाच्या शेवटीं पान मांडलेलेंच असे. कोणास परत पाठवावयाचें हा प्रश्नच त्यांत नव्हता. वाचकभगिनींपैकीं ज्यांच्या घरीं अशा गोष्टी सांगणाऱ्या वृद्धा आहेत त्यांनीं त्या लिहून ठेवाव्या. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच वाड्याच्या ओसरीपलीकडे ज्यांस येऊं देत नसत, अशांचीहि एक यादी होती, आणि तिचा रोगाशीं कांहीं संबंध नव्हता.

आतां २०२० सालाकडे यावयाचें. १३ मार्च रोजीं महाराष्ट्र सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा लागू केला. हा तोच १८९७ चा, प्लेगाच्या वेळचा कायदा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. पुण्यामुंबईकडे बांधकामावर, कारखान्यांत, वीटभट्टीवर गेलेलीं आमच्या तालुक्यांतलीं माणसें पायीं, टेम्पोंतून, दुधाच्या गाड्यांतून परत येऊं लागलीं. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्याचा हुकूम निघाला कीं राज्यांनीं सीमा बंद कराव्या आणि वाटेंत असलेल्या मजुरांस तपासून चौदा दिवस निवाऱ्यांत ठेवावें. त्यांच्या अन्नाची सोय करावी. ठीक एक महिन्यानें, २९ एप्रिलला, लक्षणें नसलेल्यांस तपासून स्वगृहीं जाऊं द्यावें असा दुसरा हुकूम आला, आणि १ मेपासून श्रमिकांच्या विशेष गाड्या सुटूं लागल्या.

आम्हांस सेवेंतून निवृत्त होऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. गांवानें वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. ‘बाहेरच्यांस प्रवेश नाहीं’ अशी पाटी होती. बाहेरचे म्हणजे कोण? गांवाचींच लेंकरें! शेवटीं ग्रामपंचायतीनें ठरविलें कीं आलेल्यांस शाळेंत चौदा दिवस ठेवावें. शाळा आमची ओळखीची, म्हणून नोंदवही लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. आरोग्यसेविका पिस्तुलासारखें यंत्र कपाळास रोखून ताप पाही, आशाताई डाव्या हातावर शाईचा शिक्का मारी, आणि आम्ही नांव, वय, कोठून आला, खोकला आहे कीं नाहीं, असें लिहीत असूं. खडूच्या अक्षराच्या जागीं शाईचा शिक्का, एवढाच फरक.

एका दुपारीं तांड्यावरची एक प्रौढ बाई, सून व दोन नातवंडें घेऊन आली. पुण्याजवळच्या बांधकामावरून नऊ दिवसांत पोंचली होती. कपाळापुढें यंत्र येतांच ती म्हणाली, “गुरुजी, कपाळाचं काय पाह्यता जी, पोटाचं पाहा नं!” सेविका बिचारी वरमली. तिचाहि इलाज नव्हता. तपासणीची नोंद झाल्याशिवाय शाळेच्या स्वयंपाकांत नांव चढत नव्हतें, आणि तिच्या पुढें वीस माणसें उभीं होतीं. आम्हीं नोंदवही बाजूस ठेवून आधीं मुलांस गूळ-शेंगदाणे व पाणी देवविलें. त्या दिवसापासून आम्हीं क्रमच उलटा केला: येणाऱ्यानें प्रथम निंबाच्या झाडाखालीं दूरदूर बसून पाणी व भाकरी घ्यावी, मग यंत्र, मग वही. यानें तपासणींत काडीचाहि उणेपणा आला नाहीं. उलट पोटांत अन्न गेल्यावर माणसें खोकल्याविषयीं खरें सांगूं लागलीं. पूर्वीं, खोकला आहे असें म्हटलें तर हाकलून देतील, या भीतीनें सर्वांचें उत्तर एकच येई.

त्याच आठवड्यांत आलेल्या एका तरुणानें खिशांतून घडी घातलेला कागद काढला. शहरांतून निघण्याच्या परवान्यासाठीं सुरुवातीस वैद्याचा दाखला लागत असे. कोणा डॉक्टरानें नाडीहि न पाहतां ‘लक्षणें नाहींत’ असें लिहून तीनशें रुपये घेतले, असें तो म्हणाला. पुढें थोड्याच दिवसांत सरकारनें ती अट सैल करून मोफत ताप पाहण्याची सोय केली. पण तीनशें रुपये गेले ते गेले. आणि त्या दाखल्याचा उपयोग तरी काय? हा रोग लक्षणें दिसण्याच्या आधींहि दुसऱ्यास जडतो, हें तोंवर वैद्यांस कळून चुकलें होतें. कागद माणसाबरोबर नऊ दिवस चालला, तरी त्यावरची तारीख पहिल्या दिवसाचीच होती.

आमच्या स्वतःच्या घरीं या गोष्टीवरून मतभेद झाला नाहीं असें नाहीं. घरांत अठ्ठ्याऐशीं वर्षांच्या, दम्यानें जर्जर झालेल्या काकू होत्या. धाकट्या वहिनींचें म्हणणें, शाळेंत भाकरी पाठवा, पण तुम्हीं व मुलांनीं तेथें जाऊं नये. त्यांचें भय खोटें नव्हतें. साथ खरी होती, तिनें पुढच्या वर्षीं आमच्या ओळखीचीं कितीतरी घरें ओकींबोकीं केलीं. शेवटीं असा तोडगा निघाला कीं आम्ही पडवींत वेगळें राहावें, वेगळें जेवावें. काकूंच्या खोलींत जाऊं नये. दोन महिने आम्ही स्वतःच्याच घरीं नदीपलीकडचे झालों. काकू दारांतून हांक मारून विचारीत, “आज किती आले रे?” आणि आंकडा ऐकल्याशिवाय जेवत नसत.

ज्यांस रेशनकार्ड नव्हतें अशा स्थलांतरितांस मे व जून २०२० साठीं माणशीं दरमहा पांच किलो धान्य देण्याची योजना केंद्रानें काढली. त्या बाईचें नांव गांवांत दिराच्या कार्डावर होतें, म्हणून कार्ड नसलेल्यांत ती बसेना. आणि दीर अजून सोलापूरकडे अडकलेला, कार्ड त्याच्या पेटींत. पुण्यास ती परगांवची, येथें ती कागदाविना. एका कार्डावर देशांत कोठेंहि धान्य मिळावें ही व्यवस्था सर्व राज्यांनीं पुरी करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २९ जून २०२१ रोजीं बजावलें. आतां ती व्यवस्था आहे; यंत्रावर आंगठा उमटला म्हणजे धान्य मिळतें. खडी फोडून व वीट वाहून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा आंगठा मात्र दोनतीनदां पुसावा लागतो.

वाशिमास परत आल्यावर आम्ही एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर अपंगत्वाच्या दाखल्यासाठीं सरकारी रुग्णालयांत गेलों. येथें परीक्षेचें तोंड उलट दिशेस आहे. संजय गांधी निराधार योजनेंत अपंग, क्षयी, कर्करोगी, कुष्ठी अशांस दरमहा साहाय्य मिळतें; २०२३ सालीं ही रक्कम हजारावरून दीड हजार रुपये झाली. येथें रोगी निघाला तर दार उघडतें, निरोगी निघाला तर बंद होतें. ओळींत एक पाय ओढीत चालणारा वृद्ध होता. अपंगत्व चाळिसांवर भरावें म्हणून तो डॉक्टरपुढें मुद्दाम अधिक लंगडतो कीं काय, अशी शंका शेजारच्यास आली, आणि ती त्यानें मोठ्यानें बोलून दाखविली. वृद्ध हंसून म्हणाला, “काहून जी, लंगडाले का लंगडाचं सोंग घ्या लागते?” या योजनेंतहि गांवाची अट आहेच: अर्जदार महाराष्ट्रांत निदान पंधरा वर्षें राहिलेला असावा. हिंगोलीचा माणूस आतां परका नाहीं, हा १९५६ चा लाभ. आदिलाबादकडून किंवा छत्तीसगडांतून रस्त्याच्या कामावर आलेला, आणि येथेंच पाय मोडून बसलेला माणूस मात्र त्या ओळींत उभाच राहूं शकत नाहीं. समृद्धि महामार्ग या जिल्ह्यांतून जातो. तो बांधणारे हात पुष्कळसे असेच दूरदेशचे होते.

आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर उसतोडीचे ट्रक भरत होते. दिवाळी होऊन गेली होती. भांडीं, गोधड्या, कोयते, कोंबड्या, आणि सर्वांच्या वर मुलें. मुकादम घाई करीत होता. आशाताई एका ट्रकाच्या चाकावर पाय देऊन उभी होती व वहींत लिहीत होती: कोणती बाई कितव्या महिन्यांत आहे, कोणत्या मुलाची कोणती लस राहिली. एका गर्भवतीस तिनें एक चिठ्ठी दिली व सांगितलें, “जिथं जाशीन तिथल्या दवाखान्यात हे दाखवजो, मंग तुले कोणी इकडची-तिकडची म्हणनार नाही.” बाईनें चिठ्ठी पदराच्या गांठीस बांधली. ट्रक हालला, मागून एक कुत्रें बरेंच लांबपर्यंत धांवत गेलें.